पोटखराब्याचा हिशेब



गेल्या महिन्यात इंदापूर तालुक्यातील इयत्ता नववीत शिकणाऱ्या एका वाचक मुलीचे पत्र आले. तिच्या शाळेच्या हरित गटाने यंदाच्या पावसाळ्यात गावच्या गायरानावर पाचशे झाडे लावण्याचे ठरविले आहे. ‘तेथे सध्या काहीच नाही, नुसता माळ आहे,’ असे तिने लिहिले असून लवकर वाढतील अशी रोपे कोणती, हे मला विचारले आहे. तिचा उत्साह पाहून आनंद झाला. परंतु ‘काहीच नाही’ या दोन शब्दांपाशी मी अडखळलो, कारण बँकेतील नोकरीच्या काळात हेच शब्द मी शेकडो वेळा लिहिले आहेत. फरक इतकाच, की माझ्या शब्दांखाली सही आणि शिक्का असे.

शेतीकर्जाचा अर्ज आला की आम्ही प्रथम सातबारा पाहत असू. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी आजोबांकडून सातबारा मागून जरूर पाहावा. त्यावर लागवडीयोग्य क्षेत्र निराळे दाखविलेले असते आणि ‘पोटखराबा’ निराळा. पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटातील खराब भाग: खडकाळ, मुरमाड, ओढ्याकाठचा, नांगर न चालणारा. कर्जमर्यादा ठरविताना हे क्षेत्र वजा केले जाई. जागेच्या पाहणीला गेलो की अशा जमिनीवरून नजर फिरवून मी अहवालात ‘पडीक’ असे लिहीत असे. आपण ज्याला शून्य किंमत दिली तेथे प्रत्यक्षात काय उभे आहे, हे वाकून पाहण्याचे कधी सुचले नाही.

ही केवळ माझी चूक नव्हे, जुन्या हिशेबाची ती पद्धत आहे. ज्या जमिनीवर पीक नाही तिच्यापासून महसूल नाही, आणि जिच्यापासून महसूल नाही ती पडीक, असा इंग्रजी अमदानीतील जमाखर्च होता. स्वातंत्र्यानंतरही तो फारसा बदलला नाही. देशातील पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे प्रसिद्ध होतात, त्यांत आजही गवताळ आणि झुडपी प्रदेशाचा फार मोठा भाग ‘पडीक’ या सदराखालीच येतो.

आता आपल्या भागाकडे पाहू. सह्याद्रीवर हजारो मिलिमीटर पाऊस ओतून ढग पूर्वेकडे येतात तेव्हा ते बरेचसे रिते झालेले असतात. म्हणून बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरचा पूर्वभाग हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. खाली काळा पाषाण आणि त्यावर वीतभर मुरमाड माती. एवढ्या भांडवलावर घनदाट अरण्य उभे राहत नाही. गवत मात्र उभे राहते, आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, तरवड, हेकळ अशी काटक झाडे-झुडपे. याला माळरान म्हणावे. जंगल तोडल्यामुळे उरलेली ही ओसाडी आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे ते सर्वत्र नाही. तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा आणि ओव्यांमध्ये कोणकोणत्या वनस्पतींचा उल्लेख येतो, याचा अभ्यास काही संशोधकांनी 2025 साली प्रसिद्ध केला. त्यात माळरानावरच्या काटेरी, खुरट्या वनस्पतींचाच भरणा अधिक आढळला. पंढरपूरच्या मंदिरात संत कान्होपात्रेची आठवण म्हणून जे झाड दाखवितात ते तरटीचे, म्हणजे माळावरचेच आहे. तात्पर्य, आपल्या पूर्वजांनी पाहिलेला हा मुलूख असाच उघडा आणि गवताळ होता.

गवताचा व्यवहार मोठा शहाणपणाचा आहे. झाड वाढते ते शेंड्याकडून. शेंडा खुडला की त्याची वाढ अडते. गवताची वाढ जमिनीलगतच्या पेरातून होते, त्यामुळे वरून मेंढीने खुडले, उन्हाने वाळविले, वणव्याने जाळले, तरी पहिल्या सरीला ते पुन्हा फुटते. शिवाय त्याची बरीचशी ठेव जमिनीखाली, मुळांत असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वर दिसते ते चालू खाते आणि खाली आहे ती मुदत ठेव. हवेतील कर्ब या मुळांच्या रूपाने मातीत जमा होतो आणि आग लागली तरी बहुतांशी सुरक्षित राहतो. पावसाचा थेंब गवताच्या पात्यावर पडून हळूच खाली उतरतो, मुळांच्या जाळ्यातून झिरपतो. गवत नसेल तर तोच थेंब माती उकरून ओढ्याला नेतो आणि ओढा ती माती भीमेत, म्हणजे अखेर उजनीच्या जलाशयात नेऊन टाकतो.

एक गंमत सांगतो. ऊस हे गवत आहे. ज्वारी, बाजरी, गहू, मका ही सर्व तृणकुळातील मंडळी. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात आला, त्याच्या पाण्यावर ऊस आला, पुढे साखर कारखाने आले. ज्या दोन तालुक्यांची समृद्धी एका गवतावर उभी राहिली, तेथेच ‘नुसते गवत आहे’ हे वाक्य आपण काही नाही या अर्थाने उच्चारतो! वालचंद हिराचंद यांनी कळंब परिसरात वसविलेल्या वालचंदनगरचा आपल्या समाजाला सार्थ अभिमान आहे. त्याविषयीच्या प्रत्येक भाषणात ‘ओसाड माळाचे नंदनवन केले’ हे वाक्य येते. मीही ते सत्कारसमारंभांत टाळ्या घेऊन उच्चारले आहे. त्या कर्तृत्वाला मी तिळमात्र उणे लेखीत नाही. हजारो कुटुंबे त्यावर उभी राहिली. मात्र त्या वाक्यातील ‘ओसाड’ हा शब्द आता माझ्या तोंडून सहज निघत नाही.

अमेरिकेत रेमंड लिंडमन नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ होता. मिनेसोटा राज्यातील एका लहानशा तळ्याचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला. कोण कोणाला खातो आणि त्यातून ऊर्जा कशी पुढे सरकते, याचा त्याने चक्क ताळेबंद मांडला. 1942 साली वयाच्या अवघ्या 27 व्या वर्षी तो निवर्तला आणि त्याचा तो प्रसिद्ध निबंध त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. त्यातून पुढे रूढ झालेला ढोबळ नियम तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे: अन्नसाखळीच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोहोचते. उरलेली त्या जीवाच्या जगण्यात, हालचालीत, उष्णतेत खर्ची पडते. आपल्या माळावर हे गणित करून पाहा. गवतात 10,000 एकक ऊर्जा साठली असे धरू. ते खाणाऱ्या चिंकाऱ्याच्या, मेंढीच्या, नाकतोड्याच्या अंगी 1,000 एकक लागते. चिंकाऱ्याला किंवा मेंढीला खाणाऱ्या लांडग्याच्या वाट्याला 100. म्हणजे एका लांडग्याच्या पोटामागे अफाट गवत उभे असावे लागते.

यातूनच पुढची गोष्ट उमगते. आपल्या बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. जवळच्या मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव त्याला मिळाले आहे. ते 1997 साली घोषित झाले, मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. त्याचे क्षेत्र किती? सुमारे पाच चौरस किलोमीटर. दख्खनच्या पठारावरील लांडग्यांच्या एका कळपाला फिरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. म्हणजे अभयारण्याच्या कुंपणात लांडग्याचा संसार मावत नाही. तो राहतो कोठे? गायरानात, वनविभागाच्या माळांवर, पोटखराब्यात, ज्वारीच्या शेतात आणि पुष्कळदा धनगरांच्या वाड्याच्या आसपास. मी ज्यांच्यापुढे शून्य लिहिले, त्याच तुकड्यांच्या बेरजेवर त्याचे घर चालते.

भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिशय प्राचीन वंशशाखांपैकी एक आहे, असे जनुकीय संशोधनातून दिसून आले आहे. देशात त्यांची संख्या अंदाजे तीन हजारांच्या घरात मानली जाते. 2022 च्या गणनेत वाघांचा अंदाज 3,682 आला होता. वाघ वाचला पाहिजे हे पहिलीतील मूलही सांगते. लांडग्याचे नाव काढले की आपल्याला गोष्टीतला लबाड, क्रूर प्राणी आठवतो.

लांडग्याखेरीज या माळावर खोकड आहे, तरस आहे. चिंकारा तर पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो, कारण पाल्यातील आणि दवातील ओलाव्यावर तो भागवितो. त्याचा बचाव म्हणजे त्याची दृष्टी आणि धाव. दोन्हींना मोकळे मैदान हवे. धाविक नावाचा पक्षी उघड्या मुरमावरच अंडी घालतो, इतकी मातीच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात आणि नाकतोड्यांवर गुजराण करून रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. भिगवणला रोहित पक्षी पाहण्यासाठी शाळांच्या सहलीच्या गाड्या लागतात; ते पाहण्यासारखेच आहेत. परंतु परतीच्या वाटेवर दुतर्फा माळ असतो आणि गाडीतील मुले झोपलेली असतात. अलीकडे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पालकांनी मुलांना एकदा अवश्य न्यावे. काहीच दिसले नाही, अशी तक्रार करीत परत येण्याची तयारी मात्र ठेवावी. माळ पहिल्या भेटीत बोलत नाही.

आता झाडांविषयी. निवृत्त झाल्यावर आम्ही काही समवयस्कांनी एका माळावर तीनशे रोपे लावली. गिरिपुष्प लवकर वाढते, जनावरे त्याला फारसे तोंड लावीत नाहीत म्हणून कुंपणाचा खर्च वाचतो, असा माझा सल्ला होता आणि खर्चाच्या बाबतीत माझे सर्वजण ऐकत. वृत्तपत्रात छायाचित्रही आले. खड्डे खणत असताना एक वृद्ध मेंढपाळ बांधावर उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, “साहेब, हे वाढल्यावर खाली गवत राहायचं न्हाई. मग मेंढरं काय खात्यात?” मी त्याला सावलीचे महत्त्व समजावून सांगितले. तो ऐकून घेऊन निघून गेला. आज त्या प्रसंगाची आठवण झाली की संकोच वाटतो.

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. माळावरच्या गवताला पूर्ण ऊन लागते. दाट लागवडीखाली ते आधी विरळ होते, मग जाते. गवत गेले की नाकतोडे गेले, नाकतोड्यांवरचे पक्षी गेले, चिंकारा सरकला. गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिका व मेक्सिकोकडील. वेडी बाभूळही परदेशीच, आणि ती तर लावावी लागत नाही, शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या लेंड्यांतून आपली आपण पसरते. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एका वेळी एकच अंडे घालतो. मोकळे माळ शेतीने, लागवडीने, तारांनी, रस्त्यांनी तुकड्या-तुकड्यांत वाटले गेले आणि आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

मेंढपाळाचा विषय निघाला आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. तुकाराम महाराजांची पालखी आपल्या तालुक्यांतून जाते तेव्हा काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. त्या दिवशी आपण मेंढ्यांना हात जोडतो. दिवाळीनंतर हेच कळप रानोमाळ हिंडतात, शेतकरी त्यांना शेतात बसवून घेतात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे देतात. माळावरचे गवत मेंढीच्या पोटातून शेताला मिळते. हा व्यवहार कोणत्याही बँकेच्या वहीत येत नाही. लांडगा मेंढी उचलतो तेव्हा नुकसान मेंढपाळाचे होते. वनविभागाकडून भरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा आणि कागदपत्रे यांत वाड्यावरच्या माणसाची दमछाक होते. तरीही लांडग्याचा वाटा असतोच, असे म्हणणारे मेंढपाळ मला भेटले आहेत. इतक्या शांतपणे बुडीत खाते सोसणारा माणूस मी नोकरीत पाहिला नाही.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम लिहितो, कोणी गैरसमज करून घेऊ नये. जीवदयेपोटी आपण भटक्या कुत्र्यांना अन्न घालतो. गावात त्याविषयी निराळी मते असू शकतात. परंतु माळाच्या कडेला, हमरस्त्यालगत उरलेसुरले अन्न टाकणे आणि कुक्कुटपालनगृहांतील मेलेली कोंबडी उघड्यावर फेकणे यामुळे माळावर कुत्र्यांच्या झुंडी वाढतात. कुत्री चिंकाऱ्याच्या पाडसांमागे लागतात, लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग देतात. याहून गंभीर म्हणजे लांडग्यांशी त्यांचा संकर होतो. पुणे जिल्ह्यातील माळांवर असे संकरित प्राणी दिसले आणि जनुकीय तपासणीने ते सिद्धही झाले आहे. एक प्राचीन वंश बंदुकीवाचून असा मिसळून नाहीसा होऊ शकतो. एका जीवावरची आपली दया दुसऱ्या जीवाच्या खात्यातून वळती होत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवितात, कारण पावसाळ्यात भूमी सूक्ष्म जीवांनी भरून जाते आणि पावलागणिक हिंसा घडते. पाठशाळेत हे तुम्ही शिकला आहात. आमच्या वृक्षारोपणाचे मुहूर्तही नेमके त्याच महिन्यांत येतात. कुदळीने एकेक खड्डा घेताना त्या मातीत नुकते काय जन्मले आहे, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. अर्थात, म्हणून झाडेच लावू नयेत असे मी म्हणत नाही.

तेव्हा पत्र पाठविणाऱ्या माझ्या छोट्या वाचक मैत्रिणीला उत्तर असे: पाचशे झाडे जरूर लावा, पण गायरानावर नको. तुमच्या गावातून ओढा जात असेल तर त्याच्या काठी करंज, जांभूळ, उंबर लावा, तेथे त्यांना ओल मिळेल आणि काठ धरून राहील. शेतांच्या बांधावर मालकाला विचारून बाभूळ, बोर. शाळेच्या आवारात आणि रस्त्याकडेला कडुनिंब, चिंच. एवढ्याने पाचशे पूर्ण होत नसतील तर दोनशेच लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. लवकर वाढणारे रोप शोधू नका. मी ते शोधले होते.

गायरानावर तुमच्या गटाला दुसरे काम आहे. वेडी बाभळीची कोवळी रोपे पहिल्या पावसानंतर मुळासकट उपटता येतात. हातमोजे घालून आणि शिक्षकांसोबत जावे, काटा वाईट असतो. गायरानालगत मेलेली कोंबडी पडत असतील तर ग्रामपंचायतीला अर्ज द्या, की त्यासाठी खोल खड्डा करून माती टाकण्याची व्यवस्था व्हावी. अर्जाची पोचपावती घेण्यास विसरू नये.

आणि एक मोजणी करा. चार मीटर सुतळी घ्या, चार खुंट्यांना बांधून एक मीटर बाजूचा चौकोन करा. गवते भाद्रपद-आश्विनात तुऱ्यावर येतात, तेव्हा ती ओळखणे सोपे जाते. कुसळी, पवना, मारवेल, डोंगरी अशी नावे गावातील जुन्या मेंढपाळाला विचारा. त्याला ती पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असतात. चौकोनातील गवताचे प्रत्येक वेगळे वाण, प्रत्येक कीटक, प्रत्येक बीळ वहीत लिहा. दहा ठिकाणी चौकोन टाका. एखादा चौकोन लागवड झालेल्या जागेवरही टाकून पाहा.

मी गेल्या हिवाळ्यात आमच्या त्या तीनशे रोपांखाली सुतळी टाकली होती. पाचोळा आणि मुरूम यांवाचून फारसे लिहिण्यासारखे सापडले नाही. शंभर पावलांवर, जेथे आमची रोपे जळून गेली होती आणि कोणी पुन्हा लावली नव्हती, तेथे टाकली तेव्हा वहीचे एक पान पुरले नाही. गुडघे दुखू लागले म्हणून उठावे लागले. तुमची वही भरली की मला पाठवा. कार्तिकाच्या अंकात ती छापण्याविषयी संपादकांशी बोलणे झाले आहे.